पिवळ्या पाइपाचा कोपरा

आमच्या सोसायटीमागचं तळं हिरवंगार झालं आणि त्याला वास मारू लागला, तेव्हा गुन्हेगार कोण हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. वेणूबाईंच्या दोन म्हशी. मांजर्लीत आमच्या इमारती उठायच्या आधीपासून वेणूबाई तिथे राहतात. त्यांच्या म्हशी रोज दुपारी तळ्यात डुंबतात आणि डुंबताना जे करायचं ते करतात. मी अंबरनाथच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल सांभाळलंय. मला पुरावा लागत नाही, पण कमिटीला लागतो.

नगरपालिकेला द्यायचा अर्ज मी आधीच लिहून ठेवला: 'तळे बिघडवणाऱ्यास तळ्यावर कायमची बंदी करावी.' खाली ठसठशीत सही. बंदी आली तर वेणूबाईंना म्हशी विकाव्या लागतील, हे मला कळत होतं. तरी सही केली. मग पुराव्यासाठी पुतणीला बोलावलं. वैदेही उल्हासनगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

"बाळकाका, बाटलीतलं पाणी फक्त आजचं सांगतं," ती म्हणाली. "दगडावरचा बुळबुळीत थर कित्येक आठवड्यांचं सांगतो. त्यात डायटम असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. काही जातींना स्वच्छ पाणी लागतं, काही खतामैल्यावर पोसतात. कुठल्या कोपऱ्यात कोण जास्त, ते मोजायचं."

"मग म्हशींच्या कोपऱ्यातलं मोज."

"सगळीकडचं मोजणार," ती म्हणाली. हट्टीपणा आमच्या घराण्यातच आहे.

रविवारी सकाळी आम्ही टूथब्रश आणि बाटल्या घेऊन तळ्यावर गेलो आणि माझं डोकंच फिरलं. म्हशींच्या बाजूचे सगळे दगड लख्ख! वेणूबाई काथ्या घेऊन शेवटची पायरी घासत होत्या.

"पुरावा नष्ट केलात तुम्ही!" मी ओरडलो.

"कसला पुरावा, साहेब? कालेजातली म्याडम येनार, बोलल्या कुंदाताई. शेवाळावरून पाय घसरला असता पोरीचा, म्हनून पहाटेपासून घासतेय."

कुंदाताई म्हणजे माझी बायको. तिच्या पोटात काही राहत नाही.

वैदेही हसत सुटली. मग तिने विचारलं, "मावशी, महिनाभर पाण्यातच पडून आहे असा एखादा दगड आहे का हो?"

वेणूबाईंनी जरा आठवलं, तिथेच गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि मासे धरायचं जुनं जाळं ओढून काढलं. त्याला वजनासाठी पाच दगड बांधलेले होते, तपकिरी आणि बुळबुळीत. वैदेहीचा चेहरा असा खुलला की जणू हरवलेल्या सोन्याच्या पाटल्याच सापडल्या. समोरच्या कोपऱ्यातले दगड कुणी घासले नव्हते, त्यांवरचा थरही तिने ब्रशने खरवडून बाटलीत भरला.

पंधरा दिवसांनी सोसायटीच्या हॉलमध्ये सभा भरली. अर्ज माझ्या खिशात होता. वेणूबाई आत आल्या नाहीत, दारातच पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. वैदेहीने पडद्यावर होडीसारखे, काडीसारखे नक्षीदार जीव दाखवले.

"म्हशींच्या बाजूला घाणीवर पोसणाऱ्या जाती आहेत, नाहीत असं नाही," ती म्हणाली. "पण शंभरात तीस. समोरच्या कोपऱ्यात शंभरात पंच्याऐंशी. जास्तीचं पोषण तिथून येतंय. काय आहे त्या कोपऱ्यात?"

कुंदाने माझ्याकडे पाहिलं.

त्या कोपऱ्यात पिवळा पाइप आहे. सोसायटीच्या लॉनचं पाणी वाहून जायला तो मीच बसवून घेतला, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक. लॉनला दर पंधरवड्याला मूठभर खत मीच टाकतो. मूठभर म्हणजे, खरं सांगायचं तर, अर्धं पोतं. सुंदर बाग स्पर्धेच्या तीन ढाली माझ्याच कपाटात आहेत.

"मंग साहेब," वेणूबाईंनी दारातून अगदी अदबीने विचारलं, "बंदी आता तुमाला काय?"

अर्जाची बातमीही कुंदानेच पोचवली असणार. हॉल हसून हसून लोटपोट झाला. मला भयंकर लाज वाटली. मी अर्ज काढला, सगळ्यांसमोर फाडला आणि वेणूबाईंना हात जोडून म्हटलं, "चुकलो." एकतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता. बाहेर पडला तेव्हा हलकं वाटलं.

पाइप काढला, खत बंद केलं. पावसाळा सरता सरता वैदेही पुन्हा आली. या वेळी दगड कुणी घासू नयेत म्हणून मी सकाळपासून खुर्ची टाकून राखणीला बसलो होतो. नंतरच्या मोजणीत पंच्याऐंशीचे साठ निघाले.

लॉनमध्ये मात्र रानगवत गुडघाभर वाढलं होतं. स्पर्धेचा फॉर्म मी भरलाच नाही. वेणूबाई कुंपणापाशी येऊन गवताकडे बघत राहिल्या.

"याच्यावर खत नाय ना टाकला, साहेब?"

"तीन महिने चिमूटसुद्धा नाही."

"मंग कापू?"

मीच विळा आणून दिला. त्या दुपारी माझं तीन ढालींचं लॉन दोन म्हशींनी मिटक्या मारत खाल्लं आणि त्या डुंबायला तळ्यात उतरल्या. संध्याकाळी वेणूबाईंकडचं दूध आलं, ते नेहमीपेक्षा दाट आहे असं मी म्हटलं. कुंदा म्हणाली, "अहो, रोज असंच असतं. तुम्ही आज चव घेतलीत."