मुखपृष्ठ फाटलेलं पुस्तक

बिजागऱ्यांच्या कारखान्यातल्या तपासनीसाला सगळे ‘कुरकुर’ म्हणत. त्यात कुचेष्टा कमी आणि माहिती जास्त होती. तपासणीच्या खोलीत एका चौकटीला दार बसवलेलं असे. मोटारीचा लोखंडी हात ते दार दिवसभर उघडायचा, लावायचा, आणि वरच्या डबीत आकडे पुढे सरकायचे. दर हजार फेऱ्यांनी हा मोटार बंद करायचा, हाताने दार हलवायचा, बिजागरीला कान लावायचा आणि कागदावर लिहायचा : कुरकुर नाही. किंवा : कुरकुर आहे. एकवीस वर्षांत त्याच्या हातून झालेलं लेखन ते एवढंच. म्हणून एका सोमवारी एचआरच्या नव्या मॅडमनी त्याच्यापुढे फॉर्म ठेवला, तेव्हा तो गडबडला.

कंपनीत आता दर शुक्रवारी एक पत्रक निघणार होतं. कर्मचाऱ्यांनी शनिवार-रविवारी काय वाचलं, काय पाहिलं, कोणत्या लहानशा गोष्टीने त्यांना आनंद झाला, हे सगळं एकमेकांना कळावं, म्हणजे कंपनीचं कुटुंब होईल, अशी मॅडमची कल्पना होती.

“ऐच्छिक आहे सर,” मॅडम म्हणाल्या, “फक्त सगळ्यांनी भरायचंय.”

तपासनिसाने तो भरला. वाचलं : कुकरच्या नव्या रिंगच्या पाकिटावरच्या सूचना. पाहिलं : समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी चढवत होते, ती. आनंद : टाकी न आपटता चढली.

दुसऱ्या दिवशी मॅडम फॉर्म घेऊन परत आल्या. “सर, टाकी नको ना. जरा मनापासून लिहा काहीतरी.”

“मनापासूनच पाहिली. दीड तास उभा होतो.”

“तसं नाही हो. दुसऱ्याला वाचून छान वाटेल असं.”

मॅडम दारातच उभ्या राहिल्या. मोटार चालू होती, दार उघडत होतं, लागत होतं, आणि हजारावी फेरी जवळ येत होती. मॅडम जाव्यात एवढ्यासाठी तपासनिसाने सुचेल ते खरडलं : ‘रविवारी दुपारी मी बायकोला पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतो. ती डोळे मिटून ऐकते. मग आम्ही चहा करतो. आळीपाळीने.’

मॅडमनी तिथेच वाचलं. त्यांचा चेहरा असा काही विरघळला की तपासनिसाला जरा भीतीच वाटली.

शुक्रवारी ते पत्रकाच्या पहिल्याच पानावर चौकटीत आलं. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायका त्याच्याकडे बघून आपसांत काहीतरी बोलल्या. ज्या साहेबांना त्याचा चेहराही ठाऊक नव्हता त्यांनी जिन्यात थांबून विचारलं, “कोणतं पुस्तक?”

घरात पुस्तक नव्हतं. “नाव सांगता येणार नाही, साहेब,” तपासनीस म्हणाला. “मुखपृष्ठ फाटलंय.”

“अरेरे. मग आहे कशाबद्दल?”

थाप मारायला बुद्धी लागते असं तपासनीस आजवर समजत होता. नुसती घाई असली तरी पुरते, हे त्याला त्या जिन्यात कळलं. त्याने सांगितलं की एक नदी आहे, तिच्यावर लाँच चालते, आणि लाँचवर तिकिटं फाडणारा एक माणूस आहे. त्याची मोठी बहीण रोज त्याच लाँचने पलीकडे जाते. अकरा वर्षं दोघं बोललेली नाहीत. ती हात पुढे करते, हा तिकीट ठेवतो, ती नदीकडे बघत बसते.

“अकरा वर्षं?” साहेब म्हणाले. “कशावरून भांडण?”

“अजून तिथपर्यंत आलो नाही.”

झालं. आता दर सोमवारी मॅडम स्वतः तपासणीच्या खोलीत यायच्या, आणि दर शुक्रवारी लाँचची कथा थोडी पुढे सरकायची. भांडण शिवणाच्या मशीनवरून होतं, असं तिसऱ्या आठवड्यात कळलं. मशीन आईचं. चौथ्या आठवड्यात नदीला पाणी चढलं. सहाव्या आठवड्यात बहिणीने नेहमीचं जाण्या-येण्याचं तिकीट न मागता एकाच वेळचं मागितलं, आणि बिजागऱ्यांच्या कारखान्यात त्या दिवशी दुसरा विषय निघाला नाही.

तपासनिसाला कामाच्या माणसाची असते तशी एक सवय होती : कारखान्यातलं घरी न्यायचं नाही. पत्रकही त्याने कधी घरी नेलं नाही.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात होती. समोर तक्ता, हातात भिंगांची पेटी, आणि दिवसभर एकच वाक्य : “खालची ओळ वाचून दाखवा.” लोक वाचायचे, अडखळायचे, अंदाजाने ठोकून द्यायचे. काही जण तर बाहेर बसल्या बसल्या तक्ता पाठ करून येत, आणि ती त्यांना पहिल्या दोन अक्षरांतच ओळखायची. दुसऱ्याच्या तोंडून काहीही वाचलेलं ऐकायची तिची हौस दर सोमवारी सकाळी अकराच्या आत फिटत असे.

सातव्या आठवड्यात तिच्या खुर्चीत नवऱ्याच्या कंपनीचा स्टोअरकीपर येऊन बसला. दोन्ही घरं एकाच गल्लीत होती, त्यामुळे ओळख जुनी होती.

“वहिनी, राग मानू नका,” हनुवटी टेकवता टेकवता तो म्हणाला, “पण तुमच्यामुळे माझे रविवार गेले.”

“माझ्यामुळे?”

“तुम्ही म्हणे डोळे मिटून ऐकता. आमच्या हिने पत्रक वाचलं, आता तिलाही ऐकायचंय. मी म्हटलं, मला जवळचं दिसत नाही. तर ही म्हणाली, मग चष्मा करून घ्या. म्हणून आलो.”

हातातलं भिंग तिने खाली ठेवलं नाही. “काय ऐकते मी?”

“तेच हो, लाँचवाल्याचं.” आणि स्टोअरकीपरने डाव्या डोळ्यावर झाकण असताना सगळी कथा सांगितली. ती एकाच वेळच्या तिकिटापर्यंत येऊन थांबली.

“पुढे?” तिने विचारलं.

“मला काय विचारता वहिनी! ऐकता तुम्ही.”

तिने क्षणभरच विचार केला. “मला त्या दिवशी झोप लागली होती,” ती म्हणाली. “खालची ओळ वाचा.”

संध्याकाळी तपासनीस मोजे काढत असताना ती समोर येऊन बसली.

“अहो, रविवारी दुपारी तुम्ही कुणाला वाचून दाखवता?”

एक मोजा हातात तसाच राहिला. तपासनिसाने काही लपवलं नाही. लपवायला उरलंच काय होतं? फॉर्म, मॅडम, टाकी, जिन्यातले साहेब, सगळं सांगून टाकलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. हे लक्षण वाईट होतं.

“मी डोळे मिटलेले असतात, हे कुठून सुचलं?”

“वाटलं, बरं दिसेल.”

“आणि चहा आळीपाळीने?”

“ते ओघात आलं.”

“ओघात,” ती म्हणाली. “सव्वीस वर्षांत एकदा तरी ओघात करायचा होता.” मग तिने त्याच्या हातातला मोजा काढून बाजूला ठेवला. “त्या बहिणीने एकाच वेळचं तिकीट का मागितलं?”

“मला काय माहीत?”

“मग रविवारपर्यंत माहीत करून घ्या.”

रविवारी जेवणं झाल्यावर तिने खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि खरोखर डोळे मिटले. तपासनिसाला नुसतं बोलवेना. हातात काहीतरी हवं होतं. कपाटाच्या वरच्या फळीवर कंपनीचा जुना कॅटलॉग होता, जाडजूड. तो मांडीवर घेऊन त्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली. बहिणीला म्हणे पलीकडच्या गावी नोकरी लागली होती, म्हणून ती आता तिकडेच राहणार होती.

“नाही,” बायको डोळे मिटूनच म्हणाली.

“नाही काय?”

“नोकरी नाही. ज्या बाईला भावाची तिकिटं अकरा वर्षं चालली, ती नोकरीसाठी जाईल? दुसरं बघा. आणि पान उलटा, पाच मिनिटं झाली.”

त्याने पान उलटलं. दुसरं बघितलं. तेही तिला पटलं नाही. चार वाजेपर्यंत तीन वेळा बहीण लाँचमध्ये चढली आणि तीन वेळा उतरवली गेली. मध्येच बायकोला डुलकी लागली. हा थांबला तर ती जागी झाली आणि थांबलात का म्हणून चिडली. चहा त्याने केला. साखर विसरली, म्हणून परत केला. संध्याकाळी त्याचं डोकं भणभणत होतं. इतकं दमायला कारखान्यात दोन पाळ्या लागत.

सोमवारी त्याने मॅडमच्या फॉर्मवर सगळं जसंच्या तसं लिहिलं : डुलकी, साखर, उतरवलेली बहीण. मॅडमनी वाचलं आणि नाक किंचित उडवलं.

“सर, या वेळी जरा बनवल्यासारखं वाटतंय.”

त्यांनी तो मजकूर घेतला नाही. त्याजागी हिशेब विभागातल्या कुणाचा तरी सूर्यास्त छापला. पत्रकातलं तपासनिसाचं पर्व असं संपलं, आणि पुढे दोन महिन्यांत मॅडम दुसऱ्या कंपनीचं कुटुंब करायला निघून गेल्यावर पत्रकही संपलं.

रविवार मात्र संपेनात. बायको शनिवारपासूनच विचारायची, “ठरलं का काही?” बिजागरीला कान लावलेला असताना तपासनीस भलत्याच आवाजांचा विचार करू लागला. एकदा तर त्याने कागदावर ‘कुरकुर नाही’च्या जागी ‘ती बोलली नाही’ लिहिलं, आणि ते खोडून वर सही करावी लागली.

अशाच एका रविवारी तीन वाजता बेल वाजली. दारात स्टोअरकीपर नवा चष्मा लावून उभा होता, आणि त्याच्यापुढे त्याची बायको.

“यांना पुस्तक कुठेच मिळत नाही म्हणे,” ती आत येता येता म्हणाली. “म्हटलं, तुमच्याकडेच येऊन ऐकावं. तुमची वाचायची वेळ असेल ना ही?”

स्टोअरकीपर मागून डोळ्यांनीच माफी मागत होता.

खुर्च्या आल्या. चौघं बसली. तपासनिसाने कॅटलॉग उघडला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला एकही शब्द सुचत नाही. बायकोपुढे चुकण्याची त्याला आता सवय झाली होती. परक्यांपुढे चुकायचं म्हणजे दाराला कान लावलेला असताना कुणी पाठीमागून बघण्यासारखं होतं.

“घसा बसलाय,” तो पुटपुटला.

“द्या इकडे,” बायको म्हणाली.

तिने कॅटलॉग घेतला, हाताच्या अंतरावर धरला आणि सुरू केलं. आवाज दुकानातलाच होता, सरळ, कसलाही आव न आणलेला. त्या दिवशी म्हणे लाँचवर गर्दी नव्हती. बहिणीने एकाच वेळचं तिकीट मागितलं, कारण परतीच्या तिकिटाचा अर्धा तुकडा गेल्या अकरा वर्षांत तिने एकदाही टाकला नव्हता, आणि ते तुकडे ठेवायला आता घरात डबा उरला नव्हता. पण नदीकडे तोंड करून बसायच्या ऐवजी ती भावासमोर बसली. लाँच मधोमध आल्यावर म्हणाली, “तिकीट सरळ रेघेत फाडत जा. माझा आकडा दर वेळी अर्धा जातो.”

तिने पान उलटलं, अगदी जिथे उलटायला हवं तिथे.

स्टोअरकीपरच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. तपासनिसाला मात्र राग आला. बहीण त्याची होती. नदी त्याची, लाँच त्याची, आणि सात आठवडे डोकं खाजवून जे त्याला सापडलं नाही ते हिने तांदूळ निवडावेत तसं उचलून समोर ठेवलं होतं. पण राग तिथेच राहिला आणि त्याच्या तोंडून निघालं, “मग भाऊ काय म्हणाला?”

“थांबा हो, वाचतेय ना,” बायको म्हणाली.

स्टोअरकीपरला राहवलं नाही. नवा चष्मा नाकावर घट्ट दाबून तो पुढे वाकला आणि त्याने पान स्वतःकडे वळवलं. पानावर दोन चित्रं होती. त्यांच्याखाली छापलं होतं : चार इंची, पितळी, स्क्रूसह.

त्याने ते मोठ्याने वाचलं. चष्म्याचा नंबर बरोबर निघाला होता.

खोलीत सगळेच एकदम अवघडले. तपासनिसाने मान खाली घातली. त्याची बायको मात्र शांत होती, तक्त्यासमोर कुणी चुकीचं अक्षर वाचल्यावर असायची तशी. सगळ्यांनी स्टोअरकीपरच्या बायकोकडे पाहिलं. आता बोलायचं कुणी असेल तर तिनेच. ती पानावरच्या बिजागऱ्या निरखत होती. मग तिने हळूहळू मान नवऱ्याकडे वळवली.

“म्हणजे पुस्तक लागतच नाही?”

“अगं, पण—”

“दीड महिना मला सांगताय, पुस्तक मिळत नाही, पुस्तक मिळत नाही!”

“चहा टाकतो,” तपासनीस उठला. स्टोअरकीपरही लगबगीने त्याच्यामागे आत आला आणि त्याने दार लोटलं. दाराचा आवाज झाला नाही.

“मेलो मी,” तो म्हणाला. “आता काय सांगू हिला? मला नट-बोल्टांपलीकडे काही येत नाही.”

तपासनिसाने पातेल्यात पाणी घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला बिजागरीखेरीज दुसऱ्या विषयावर सल्ला विचारत होतं. “अवघड नाही,” तो म्हणाला. “एक माणूस घ्यायचा. आणि त्याच्याशी न बोलणारं कुणीतरी.”

“का बोलत नाहीत ते आधी ठरवायचं?”

“छे! ते बायको विचारते तेव्हा.”

स्टोअरकीपरने खिशातून मळकी वही काढली आणि ‘माणूस एक’ असं लिहून घेतलं. पाण्याला आधण आलं. तपासनीस साखरेचा डबा शोधत होता, तेवढ्यात बाहेरून तोच सरळ, दुकानातला आवाज ऐकू आला. “भावाने हातातल्या तिकिटांकडे पाहिलं,” आवाज सांगत होता. “मग त्याने खिशात हात घातला…”

“अगं थांब!” तपासनीस ओरडला. “आम्ही आत आहोत!”

आवाज थांबला नाही. गॅस तसाच ठेवून, हातात गाळणं घेऊन तपासनीस बाहेर धावला.