हुरबाईच्या गाठी सैल का पडल्या

मित्रांनो, मी एक जुनी, काळी पडलेली पेशी आहे. भुजच्या हुरबाईच्या मेंदूत, अगदी तळाशी, माझं बिऱ्हाड आहे. जन्मले तेव्हा मी फिकट होते. वय वाढतं तसा आमच्या जातीच्या पेशींचा रंग गडद होत जातो. रूप नाही, पण कामाला मी वाघ होते.

डोपामिन नावाचं रसायन बनवायचं आणि पुढच्या पेशींच्या हवाली करायचं, हे माझं काम. ते पोचलं की मनात येताच हात हलतो, हसू ओठांवर येतं, कामाची हौस वाटते. हुरबाई लहानपणापासून बांधणी बांधायची. कापडाची मोहरीएवढी चिमूट धरायची, तिच्याभोवती दोरा आवळायचा, की लगेच पुढची. गाठ घट्ट असेल तर आत रंग शिरत नाही, आणि तिथे नक्षीचा ठिपका उमटतो. लोक म्हणत, "हुरच्या बोटांत जादू आहे." बोटांत म्हणे! बिघडल्याशिवाय मेंदू आठवतो कुणाला?

मग म्हातारपण आलं. वयाबरोबर आमच्यातल्या थोड्या पेशी सगळ्यांच्याच मेंदूतून जातात, पण इथे साथ आल्यासारख्या शेजारणी मेल्या. गेलेलीच्या जागी नवी येत नाही. आमचं डोपामिन घेणाऱ्या पुढच्या पेशीही वयाने थकल्या होत्या. उरलेल्यांनी दुप्पट काम ओढलं, म्हणून बरीच वर्षं बाहेर पत्ता लागला नाही. शेवटी हुरबाईची बोटं जड झाली आणि चेहरा दगडासारखा झाला.

नेमकं तेव्हाच तिच्या भाचीचं, शेरबानुचं लग्न ठरलं. हुरबाई विधवा. भाऊ जुमाच्या घरी राहायची, आणि त्याची ही लेक तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेली. "जामनगरला? एवढ्या लांब कशाला देता?" असं ती एकदा बोलून गेली, आणि तेच पुढे नडलं. वधूची चांद्रोखणी, म्हणजे मधोमध चंद्र असलेली लग्नाची ओढणी, फुईनेच, म्हणजे आत्यानेच, बांधायची होती.

"जेना, बोटं ऐकत नाहीत गं माझी," ती भावजयीला म्हणाली.

"तुम्हाला हे लग्नच नको आहे, बेन. बोटांना कशाला नावं ठेवता?"

हुरबाई बांधत राहिली. दोरा आवळायला जोर लागतो, आणि त्या जोराचा हुकूम आमच्यामार्फत जातो. आमच्याजवळ उरलं होतं काय? निम्म्या गाठी सैल बसल्या. कापड रंगात बुडवण्याआधी रंगारी गाठी चाचपून बघतो. जुमा स्वतः रंगारी, पण त्याने गाठींना बोटही न लावता कापड रंगात बुडवलं. "मोठ्या बहिणीची गाठ तपासू? लोक तोंडात शेण घालतील," म्हणाला. मानाने घात केला.

त्या घराण्यात ओढणीच्या गाठी सोडतात त्या सासरच्या माणसांसमोर. घरातल्या दोघी बायकांनी कापड दोन टोकांना धरून ओढलं, सगळे दोरे तडातड सुटले. चंद्राच्या जागी नुसता लाल डाग पसरलेला.

"हे बांधलंय की राग काढलाय?" पाहुण्यांतली एक बाई म्हणाली.

"बघा ना, महिना झाला, तोंडावर हसू नाही," जेना बोलली. "मुद्दाम केलंय."

शेरबानु फुईसमोर येऊन बसली. "फुई, एवढंच सांग. मुद्दाम नाही ना केलंस?"

हुरबाईला तिला जवळ घ्यायचं होतं. तो हुकूम माझ्यापर्यंत आला. मी रिकामी होते. हात मांडीवरच राहिला, आणि ओठ हलेपर्यंत मुलगी उठून गेली होती.

डॉक्टरकडे नेलं ते पाठवणी झाल्यावर. हात थरथरत नसले तरी हा कंपवातच, असं ते म्हणाले. गोळ्यांनी बोटं जरा सुटली, पण मेलेल्या पेशी काही उठल्या नाहीत. जुमा रडला आणि त्याने लेकीला फोन केला. "आता आजाराचं निमित्त काढलंत का?" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस मंद झालं, हसेनासं झालं, तर त्याच्या मनावर आळ घेण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. आणि काही विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत समोर बसा. आम्ही थोड्याच उरलो आहोत, आम्हाला उशीर लागतो.