कुठल्या लाइनला स्कोप आहे?

कोपरखैरण्यात कुणाच्या पोराचा निकाल लागला की पेढे आधी पोपट खिल्लारेच्या हातावर पडायचे, नातेवाइकांचा नंबर नंतर. कुठल्या लाइनला स्कोप आहे, कोण खरंच माणसं घेतंय आणि कोण नुसत्या मुलाखतींचा घोळ घालून पोरांना उन्हात उभं करतंय, हे पोपटला ठाऊक असायचं. रबाळ्याच्या एका रंगांच्या कंपनीत तो ऑपरेटर होता. पाळी संपवून आला की पेपर घेऊन बसायचा आणि जाहिराती कापून ठेवायचा.

रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात वंदना झाली की मंडळी उठायची नाहीत. सतरंजीवर तशीच बसून राहायची. बाहेरच्या फळ्यावर पोपटने सकाळीच जाहिराती डकवलेल्या असायच्या. मग तो भिंतीला टेकून बसायचा आणि एकेक जण पुढे सरकून विचारायचा. आधी पंचशील, मग नोकऱ्या, असा तिथला रिवाजच होऊन बसला होता.

"काका, आयटीआयला टर्नर घेऊ का?"

"टर्नरचं काम आता मशीनच करायलंय. वायरमन घे. वायर जोडायला तरी माणूस लागतोय."

सगळे हसायचे. पोपटचा आवाज जरा चढायचा, मान जरा ताठ व्हायची. चारचौघांत आपला शब्द झेलला जातो याचं सुख त्याला होतंच, आणि ते लपवण्याच्या भानगडीत तो कधी पडला नाही. त्याच्या शब्दावर वस्तीतली कितीतरी पोरं मार्गी लागली, हेही तितकंच खरं. वाईट याचंच वाटतं.

शेजारच्या मालतीबाईंना नवरा नव्हता. त्यांची वैजयंती बारावी झाली तेव्हा त्या पदर सावरत पुढे सरकल्या आणि पोरीला कुठे घालू म्हणून त्यांनी विचारलं. पोपटने क्षणभरही विचार केला नाही.

"नर्सिंगला घाला, ताई. डोळे झाकून घाला. वाशीला, नेरूळला हॉस्पिटलं उभी राहायलीत. कारखान्याला टाळं लागंल, पर माणसं आजारी पडायची थांबणार हायत का?"

नुसतं सांगून तो थांबला नाही. प्रवेशाच्या मुलाखतीला वैजयंतीला आणि मालतीबाईंना स्वतः घेऊन गेला, दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

वैजयंती आणि त्याची सोनम एकाच वर्गातल्या, एकाच डब्यात जेवणाऱ्या. त्याच संध्याकाळी सोनम त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"पप्पा, मी पण वैजूबरोबर जाते ना. मलाही मार्क आहेत तिच्याएवढे."

पोपटच्या कपाळाची शीर उठली. "तू? तू लोकांची घाण काढनार?"

त्याला त्याची आई दिसत होती. परभणीकडच्या त्यांच्या गावात कुणाच्या घरी बाळंतपण अडलं की तिला, पुतळाला, हाक यायची. वेळ-अवेळ न बघता ती जायची, मागच्या दाराने आत घ्यायचे, आणि सगळं निस्तरून झालं की त्याच मागच्या दारात तिच्या पदरात वरून भाकरी टाकायचे. लहान पोपट तिच्यासोबत असायचा. आपल्या घरातली कुठलीच बाई पुन्हा दुसऱ्याची घाण काढणार नाही, असं त्याने तेव्हाच मनाशी बांधून घेतलं होतं. बोलून चालून रास्तच होतं ते. पण मालतीबाईंच्या पोरीला पाठवताना त्याला ही आई कशी आठवली नाही?

"अवो, एवढी मागं लागलीय तर जाऊ द्या की," वेणूबाई, त्याची बायको, म्हणाली. "नर्सबाईला सिस्टर म्हनत्यात लोक. मान असतो तिला."

"तुला नाय कळायचं. सोनम केमिकलचा डिप्लोमा करंल. ठाण्या-बेलापूरच्या पट्ट्यात केमिकलला मरन नाय. शिवाय कामगाराच्या लेकराला आमची कंपनी आधी घेती."

ते खोटं नव्हतं. त्या कंपनीत बापामागे पोरांना आत घ्यायची पद्धतच होती, आणि पोरीही लॅबमध्ये लागल्या होत्या. सोनमने दोन दिवस तोंड फुगवलं आणि मग डिप्लोमाला गेली. पास झाल्यावर बरेच महिने घरी बसली, शेवटी पोपटने साहेबांकडे खेटे घालून तिला लॅबमध्ये ट्रेनी म्हणून चिकटवलं. बापलेक एकाच बसने जायचे, एकाच गेटमधून आत शिरायचे. वॉचमन सोनमला "या मॅडम" म्हणायचा आणि पोपटची छाती फुगायची. वैजयंती तोवर वाशीच्या हॉस्पिटलात कायम झाली होती.

सत्त्याण्णव साली कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला. मग कँटीनचा एक भाग बंद झाला. मोठा प्लांट गुजरातेत हलवणार अशी कुजबुज सुरू झाली. पोपट सगळं बघत होता. दुसऱ्या कुणी त्याला हे सांगितलं असतं तर त्याने लगेच सल्ला दिला असता की बाबा, तिथून आधी पोरीला काढ.

आणि नेमकी त्याच पावसाळ्यात ती जाहिरात आली. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला नर्सिंगच्या शिक्षणासाठी मुली हव्या होत्या, फी नाममात्र, शिकून झाल्यावर तिथेच नोकरी. खाली वयाची अट होती. सोनम त्या अटीत जेमतेम बसत होती. पोपटने ती अट परत परत वाचली. रविवारी नेमाने ती जाहिरात फळ्यावर डकवली. सोनमची सुट्टी तेव्हा मधल्या वारी असायची, रविवारी ड्युटी, त्यामुळे ती विहारात फिरकायची नाही. घरी त्याने अवाक्षर काढलं नाही.

आज ना उद्या ती पर्मनंट होईल, असं त्याने स्वतःला बजावलं. पण पोटातली गोष्ट वेगळी होती. आता तिला सांगायचं तर तेव्हा आपण चुकलो हेही सांगावं लागलं असतं. वस्तीला शहाणपण वाटणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीपुढे एवढंही तोंडातून काढता आलं नाही. फॉर्म भरायची तारीख निघून गेली तेव्हा त्याला हायसं वाटलं. हायसं वाटल्याचीच त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

अठ्ठ्याण्णवच्या होळीनंतर कंपनीच्या गेटला कुलूप लागलं. बापलेक एकाच दिवशी घरी बसले. सोनम तुर्भ्याला, महापेला, पार तळोजापर्यंत फिरली. जिथे जावं तिथे माणसं कमी करायचं चाललेलं. कॉम्प्युटरवाल्यांना तिचा डिप्लोमा नको होता आणि केमिकलवाल्यांना माणूसच नको होतं. हळूहळू ती बोलेनाशी झाली. जेवताना पोपटकडे बघायची नाही. त्यापेक्षा ती भांडली असती तर त्याला परवडलं असतं.

विहारात मात्र रविवारी गर्दी वाढतच होती. कारखाने बंद पडले की सल्ल्याला माणसं जास्त. असाच एक रविवार. वंदना झाली, दोघातिघांचं विचारून झालं, आणि बायकांच्या बाजूने कुणीतरी पुढे सरकलं. पोपटने मान वर केली. सोनम होती. मालतीबाईंच्या शेजारून उठून ती सगळ्यांसारखी मांडी घालून त्याच्यापुढे बसली.

"कुठल्या लाइनला माणसं घेतायत?" तिने विचारलं.

पोपट कसनुसं हसला. "अगं, घरी बोलू की."

"घरी तुम्ही बाप म्हणून सांगता. इथं लोकांना सांगता तसं सांगा. बारावी सायन्स, केमिकलचा डिप्लोमा, कंपनी बंद. कुठं जाऊ?"

पोपटने एकदा वेणूबाईकडे पाहिलं. ती सतरंजीचा धागा ओढत बसली होती. इतक्या वर्षांत तिथे बसून त्याने कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. घरी हवं तेवढं खोटं सांगता येत होतं, इथे त्याची जीभ वळेना.

"नर्सिंग," तो म्हणाला.

सोनमने मान वर केली. एवढ्या वर्षांनी का होईना, तो शब्द बापाच्या तोंडून निघाला होता. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उजळलं.

"मग घेतील मला? मी आता पण करीन, पप्पा. वैजू सांगेल मला सगळं."

"खासगीत डोनेशन मागतेत. ट्रस्टवाले फुकटात शिकवतेत, पर..." तो सतरंजीकडे बघत म्हणाला, "पर त्यांच्यात वय बसत नाय तुझं."

"कधीपर्यंत बसत होतं?"

विहाराचे खजिनदार हौसेराव मागे बसले होते. माणूस भोळा, आपल्या मित्राची बाजू सावरावी एवढंच त्यांच्या मनात.

"अरे, पोपटरावांना काय विचारते, त्यांची नजर लई बारीक!" ते म्हणाले. "गेल्या पावसाळ्यात ती जाहिरात त्यांनीच तर लावली फळ्यावर. माझ्या भाचीला त्यांनीच फॉर्म भरायला लावला. आज ती शिकायलीय तिथं."

सोनमने मागे वळून हौसेरावांकडे पाहिलं, मग बापाकडे. गेल्या पावसाळ्यात आपलं वय काय होतं ते तिने मनात मांडून पाहिलं असावं. पोपटला वाटलं, आता ही उठेल, ओरडेल, निदान रडेल तरी. तसं झालं असतं तर त्याने सगळ्यांदेखत तिची माफी मागितली असती, अशी त्याची तयारी झाली होती.

ती उठली नाही. ओढणी सारखी केली आणि तशीच बसून राहिली. मागे एक दहावी झालेला पोरगा आपली पाळी कधी येते याची वाट बघत होता.

"बरं," ती म्हणाली. "ती लाइन गेली. आता दुसरी सांगा."

पोपट भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि एवढ्या जाहिरातींतली एकही त्याला आठवत नव्हती.