इंजिनाचं पाणी

"सत्यवाना, आसस काय रे घरात?"

घरापुढच्या खळ्यात लाँचमालक नाना शिरोडकर उभे होते. सत्यवान कुबल पडवीत बसून कुणाच्या तरी स्टोव्हचा बर्नर साफ करत होता. त्याने मान वर केली नाही. हा आवाज ओळखायला त्याला बघायची गरज नव्हती. आतल्या खोलीत जाळं विणत बसलेल्या गंगारामचे, त्याच्या धाकट्या भावाचे, हात मात्र थांबले.

"नवी लाँच ठोकता रे," नाना म्हणाले. "पुरो भार घातलो, वाऱ्यासमोर गेली, की आतसून कोणी हातोडे मारता तसा इंजिन वाजता. वेंगुर्ल्याचो मिस्त्री येवन गेलो, रत्नागिरीचो येवन गेलो. पंधरा दिसांनी बंदराचे सायेब चाचणी घेवक येतले. पॅसेंजरचा लायसन तेच्यावर आसा. तुज्याशिवाय ह्या कोणाक जमूचा नाय."

"पाणी देवक होया तेका," सत्यवान बर्नरमध्ये फुंकर मारत म्हणाला. "पाणी आणि स्पिरिट."

"म्हणानच इलंय. स्पिरिटाचो डबो मी मुंबयसून हाडलंय. परमिट नाय तेका, पण ता आपल्यात रवांदे." नाना जरा घुटमळले. "झाला ता झाला, सत्यवाना. सहा वर्सा झाली."

सत्यवानने स्टोव्ह बाजूला ठेवला. हात फडक्याला पुसले. मग पहिल्यांदा त्याने नानांकडे पाहिलं.

"येतंय. पण चाचणीच्या दिवशी तुमी सोता लाँचीर होये."

"मी असतलंयच," नाना म्हणाले आणि सुटल्यासारखे निघून गेले.

ते गेल्यावर गंगाराम भिंतीला हात लावत पडवीत आला.

"तू तेच्या इंजिनाक हात लावतलंस?"

"लावतलंय."

"माका आंधळो केल्यान तेच्या?"

सत्यवानने स्टोव्ह पुन्हा पुढ्यात ओढला. गंगाराम थोडा वेळ तिथेच उभा राहिला, मग आत जाऊन जाळ्यापुढे बसला. त्या रात्री तो जेवायला उठला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सत्यवान आसामातल्या एका विमानतळावर फिटर होता. तिथल्या लढाऊ विमानांच्या इंजिनात हवा दाबून भरत. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी भडकलं की इंजिन ठोकू लागतं. मग पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. त्यावर उपाय म्हणून गोरे फिटर हवेच्या नळीत पाणी आणि मिथाईल स्पिरिट यांचा बारीक फवारा सोडत. फवाऱ्याने हवा थंड व्हायची आणि इंजिन आणखी जोराने ओढू लागायचं. सत्यवानला त्या वेळी ते जादूसारखं वाटलं होतं. पाणी इंजिनात गेलं की इंजिन बंद पडतं, एवढंच त्याला तोवर माहीत होतं.

सत्तावन साली नानांनी पहिली लाँच आणली. रॉकेलवरचं जुनं इंजिन, भार घातला की ठोकायचं. सत्यवानने तांब्याची नळी आणि सुईची झडप लावून विमानतळावरचा तोच उपाय त्याला केला. इंजिन मांजरासारखं घुरघुरत चालू लागलं. मालवणात सगळे त्याला 'विमानाचो मिस्त्री' म्हणू लागले. स्पिरिटच्या डब्यावर त्याने लाल रंगाने कवटी काढली, आणि डबा इंजिनघरात ठेवताना नानांना बजावलं, "नानानू, ह्या दारवेसारख्या दिसता, पण वीख आसा. एक घोट पोटात गेलो तर डोळे जातत."

पुढच्या शिमग्याला खलाशांनी नानांकडे नेहमीची दारू मागितली. नानांच्या गोव्याच्या बाटल्या इन्सुलीच्या नाक्यावर पकडल्या गेल्या होत्या. दारूबंदीचे दिवस, दुसरीकडून मिळायची सोय नव्हती. नानांनी त्या डब्यातलं स्पिरिट कळशीभर पाण्यात घातलं, त्यात गूळ आणि बाटलीच्या तळाशी उरलेली फेणी घातली आणि आपल्या हाताने खलाशांना वाटलं. दोघे मेले. त्यातला एक, लाँच हाकणाऱ्या सहदेव तांडेलाचा बावीस वर्षांचा मुलगा होता; सहदेव स्वतः त्या दिवशी तिथे नव्हता. त्याच लाँचवर खलाशी असलेला गंगाराम वाचला, पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने यशोदावहिनीला विचारलं, "वयनी, अजून उजाडूक नाय?" तेव्हा ऊन पडवीच्या आत आलं होतं.

कोर्टात नानांनी शपथेवर सांगितलं, "साहेब, मला यंत्रातलं काय कळतं? सत्यवान म्हणाला, इंजिनाचं औषध आहे. ते विष आहे हे मला माहीत असतं तर मी ते लाँचवर ठेवू दिलं असतं का? पोरांनी चोरून प्यायलं असणार." गंगारामने खरं काय ते सांगितलं. पण तो आरोपीचा भाऊ, आणि दारू प्यायलेला. बाकी खलाशी नानांच्या पगारावर होते. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. कवटीचा डबा तर खटल्याआधीच गायब झाला होता. बिनपरवाना स्पिरिट बाळगलं आणि निष्काळजीपणा केला म्हणून सत्यवानला दोन वर्षं झाली.

तुरुंगात त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली, आणि तीच त्याला सगळ्यात जास्त जाळत राहिली. विमान वर जातं तेव्हा पाणी गोठतं, म्हणून गोरे त्यात स्पिरिट घालत. त्याने थोडा जास्तीचा जोरही मिळायचा. पण मालवणच्या दर्यात पाणी कुठे गोठणार होतं? रॉकेलच्या त्या म्हाताऱ्या इंजिनाला नुसतं पाणी पुरलं असतं. गोऱ्यांनी शिकवलं म्हणून त्याने स्पिरिट आणलं होतं. ते विष या किनाऱ्यावर येण्याची काही गरजच नव्हती.

सुटून आल्यावर कुणी त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. तो स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करू लागला. यशोदा मासळी विकायला बसली की सहदेवची बायको आपली पाटी उचलून दूर जाऊन बसायची. सहदेव रस्त्यात दिसला की थुंकायचा. सत्यवान मान खाली घालून जायचा. सहदेववर रागावण्यासारखं काही नव्हतं. सहदेवच्या जागी तो असता तर त्यानेही तेच केलं असतं. सगळा राग त्याने एकाच माणसासाठी साठवून ठेवला होता.

आणि आता तो माणूस स्वतःच्या हाताने स्पिरिटचा डबा आणून देत होता.

सत्यवानने पंधरा दिवस काम केलं. हे इंजिनही रॉकेलवरचंच होतं. नळी वाकवली, झडप घासून बसवली. नानांनी दिलेला डबा मात्र त्याने लाँचवर ठेवला नाही. "घराक नेतंय. मिश्रण बरोबर करूक होया," म्हणून तो घेऊन गेला. चाचणीच्या सकाळी तो डबा खांद्यावर घेऊन आला. डब्यावर त्याने लाल रंगाने कवटी काढली होती.

सुकाणूवर सहदेव होता. त्याने डब्याकडे पाहिलं, मग सत्यवानकडे. त्याचा जबडा आवळला गेला. पण तो नानांचा चाकर होता, आणि घरात दुसरं कमावणारं कुणी उरलं नव्हतं.

बंदर खात्याचे साहेब, त्यांचा कारकून आणि नाना असे तिघे इंजिनघराच्या दाराशी बाकावर बसले. माणसांऐवजी वाळूची पोती भरली होती. किल्ला उजवीकडे टाकून लाँच बाहेर निघाली तोवर सगळं ठीक होतं. मग सहदेवने तिचं तोंड वाऱ्याकडे केलं, सत्यवानने इंजिनाचा वेग वाढवला, आणि ठोके सुरू झाले. आधी दूरवर कुणी भांडं घडवावं तसे, मग लोहाराच्या घणासारखे. फळ्या थरथरायला लागल्या. साहेब उठून उभे राहिले.

"हे काय चाललंय? इंजिन फुटेल!"

सत्यवानने झडपेची चावी अर्धा फेरा फिरवली. नळीतून पाणी हवेबरोबर आत जाऊ लागलं. दहाएक ठोके पडले, मग पाच, मग एक; मग नुसती गुरगुर राहिली. लाँचने लाट कापली आणि ती सरळ पुढे गेली.

साहेब थक्क झाले. "वा! काय केलंत तुम्ही?"

"पाणी सोडलं, साहेब," सत्यवान म्हणाला. साहेबांशी तो पुस्तकी मराठीत बोलला. "आतली हवा थंड होते. मग तेल वेळेआधी भडकत नाही."

"आणि डब्यावर ही कवटी कशाला?"

नाना घाईघाईने पुढे झाले. "जुना डबा आहे, साहेब. आत नुसतं पाणी. पाण्याशिवाय काही नाही."

"खात्री आहे ना? स्पिरिट वगैरे असेल तर परवाना दाखवावा लागेल."

"छे छे! विहिरीचं पाणी आहे."

सत्यवानने कोपऱ्यातला पितळी पेला घेतला. डब्याची तोटी सोडून तो काठोकाठ भरला आणि नानांच्या पुढे धरला.

"मगे पिया, नानानू."

नाना हसायला गेले. हसू अर्ध्यावर राहिलं. "मजा करतस काय रे?"

"पाणीच आसा मा? सायबांसमोर तुमीच सांगितलात. पिया."

"माका तान नाय."

"एक घोट."

"ठेव तो पेलो खाली!"

"घ्या ना शिरोडकर," साहेब आता नानांकडे रोखून बघत होते. "पाणी आहे तर हरकत काय?"

सत्यवानने पेला नानांच्या ओठांपर्यंत नेला. त्याचा दुसरा हात नानांच्या खांद्यावर होता आणि त्या हाताची बोटं खांद्यात रुतली होती. हा क्षण त्याने सहा वर्षं रोज पाहिला होता. प्रत्येक वेळी त्यात नाना पेला पीत आणि तिसऱ्या दिवशी विचारत, अजून उजाडलं नाही का.

पेल्यातलं पाणी नानांच्या ओठाला लागलं. त्यांनी दोन्ही हातांनी सत्यवानचं मनगट ढकललं आणि ते ओरडले, "वीख आसा रे ता! डोळे जातत! मारतलंस काय माका?"

"वीख आसा ह्या तुमका कोणी सांगितला?"

"तूच नाय सांगितलंस? पयल्याच दिवशी, डबो ठेवताना..."

नाना थांबले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"पयल्या दिवशी," सत्यवान म्हणाला. "शिमग्याआधी. कोर्टात शपथ घेवच्या आधी." तो साहेबांकडे वळला. "साहेब, हे आपण ऐकलंत."

मग त्याने तोच पेला स्वतःच्या तोंडाला लावला आणि घटाघटा पिऊन रिकामा केला.

"माज्या बावीचा पाणी आसा," तो नानांना म्हणाला. "तुमचा स्पिरिट मी वाळवेत खड्डो मारून ओतलंय, डबो धुवन घेतलंय."

डबा ओतण्याआधी, आदल्या संध्याकाळी, सत्यवान माडाच्या बुंध्याशी बराच वेळ तो हातात धरून बसला होता, आणि त्यातला एक पेला त्याने खरोखर बाजूला काढून ठेवला होता. तो पेला सगळ्यात शेवटी ओतला. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही.

इंजिन सुरळीत चाललं होतं, पण लाँच वळत होती. वळव असं कुणी सांगितलं नव्हतं. सहदेवने सुकाणू फिरवलं होतं. तो समोर बंदराकडे बघत होता आणि त्याची दाढी भिजलेली होती.

"सहदेवा, खंय चललंस?" नानांनी विचारलं. सहदेवने सुकाणू सोडलं नाही.

धक्क्याला लाँच लागली तेव्हा त्याने ती दोराने बांधली नाही. दोर तसाच फळीवर टाकून तो खाली उतरला, वळला, आणि सत्यवानला उतरवून घ्यायला त्याने हात पुढे केला. सत्यवानने त्याचा हात धरला आणि तो उतरला. मग सहदेव चालत घराकडे गेला. नानांच्या लाँचवर तो पुन्हा चढला नाही. एकेक करून बाकीचे खलाशीही गेले.

खटला पुन्हा उभा राहिला नाही. साहेबांनी कागदावर काय लिहिलं कुणास ठाऊक. नानांना लायसन मिळालं नाही एवढं खरं. ती लाँच दोन पावसाळे धक्क्याजवळ चिखलात पडून राहिली. नाना मुंबईला मुलाकडे गेले आणि तिकडेच वारले. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी सत्यवान घरी आला तेव्हा गंगाराम जाळ्यापुढे बसला होता. बातमी त्याच्याआधी पोचली होती. यशोदा दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

"तेना सोताच्या तोंडान सांगितल्यान?" गंगारामने विचारलं.

"सोताच्या तोंडान."

"माका सांग. तेचे शब्द सांग."

सत्यवानने सांगितले. गंगारामने ते पुन्हा सांगायला लावले. मग तिसऱ्यांदा. हातातली विणायची सुई तो बोटांमध्ये फिरवत होता.

"तेचा त्वांड कसा झाला तेव्हा?"

"पांढरा पडला."

"मिशी अजून तशीच काळी? वर वळवलेली?"

"मिशी खंय रे आता. दात नाय, गाल आत गेले. केस पांढरे झाले सगळे."

गंगारामच्या बोटांतली सुई थांबली. त्याने मनात धरून ठेवलेले नाना काळ्या मिशीचे, धिप्पाड होते. या म्हाताऱ्याला तो ओळखत नव्हता.

"आणि तुजे केस?" त्याने विचारलं.

सत्यवान त्याच्या समोर जमिनीवर बसला. त्याने भावाचा हात घेऊन आपल्या डोक्यावर ठेवला. गंगारामची बोटं केसांतून हळूहळू फिरली, कानांमागे गेली, पुन्हा वर आली.

"सगळे?"

"सगळे," सत्यवान म्हणाला.