नाव रुग्णानं स्वतः सांगावं

बजाजनगरच्या त्या डोळ्यांच्या सेंटरात सकाळी आलेला माणूस दुपारी पट्टी बांधून घरी जायचा. आज मात्र परीक्षा सेंटरचीच होती. मानांकनाच्या तपासणीला रत्नमाला मॅडम आल्या होत्या, आणि गजाला सिस्टरची सहा महिन्यांची मेहनत त्यांच्या हातातल्या कागदावर टांगली होती.

टेबलावर वच्छलाबाई शिंगाडे, हर्सूलकडच्या मेंढपाळ घरातल्या. नियम असा, की चिरा देण्याआधी सगळ्यांनी हात थांबवायचे आणि रुग्णानं पूर्ण नाव, ऑपरेशन, बाजू स्वतःच्या तोंडानं सांगायची. कुणी सुचवायचं नाही. त्यात आज यादीत त्यांची चुलतजाऊही वच्छलाबाई शिंगाडेच, आणि तिचा डोळा डावा!

"मावशी, पूर्ण नाव?"

"वच्छलाबाई शिंगाडे."

"आणि मधलं?"

"मधलं बाहेर बाकड्यावर बसलंय. त्यान्लाच इचार."

"नाय मावशी, तुम्हीच सांगायचं."

"अगं बया! पन्नास वर्षांत कधी घेतलं नाय, आता झोपून घेऊ व्हय?"

डॉक्टरांचे हात हवेत. मॅडमचं पेन कागदावर. नाव गजालाच्या अगदी ओठावर आलेलं, तिनं ते गिळलं. सुचवलं तर तपासणीत नापास, नाही सुचवलं तर ऑपरेशन बंद. या अल्लाह! तेवढ्यात शेजारच्या शीलाच्या लग्नातली धमाल तिच्या डोळ्यांपुढं आली.

"मावशी, उखाण्यात घ्या की!"

वच्छलाबाईंनी घसा खाकरला. कीर्तनात बुवा चरण अर्ध्यावर सोडतात आणि सारा मंडप श्वास धरतो ना, तसं सारं थिएटर थांबलं.

"उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूनं लई केला घोटाळा,
कडुबारावांना बघायला आता पडदा करा मोकळा!"

"वाहवा!" भूलतज्ज्ञ ओरडले. वॉर्डबॉयनं टाळी मारली आणि हातमोजे बदलायला पळाला. मॅडमचा मास्क हसण्यानं फुगला.

"नाव, ऑपरेशन, बाजू... तिन्ही आली की हो!"

"ही हसणारी कोण गं?" हिरव्या कापडाखालून आवाज आला. "तिला बी घ्यायला लावा!"

"मावशी, आता हलू नका," डॉक्टर म्हणाले, पण त्यांचेच खांदे हलत होते. पांडुरंगाची कृपा, सुरी अजून ट्रेमध्येच होती.

मॅडमनी बरोबरची खूण केली, मग एकदम गंभीर झाल्या.

"सिस्टर, ओळख पटवायची ही पद्धत तुमच्याकडं लेखी आहे का?"

"आज लिहिते, मॅडम."

"लिहा. आणि खाली नमुना जोडा." मॅडमनी दाराकडं एकदा पाहिलं, मास्क सारखा केला आणि गजालाच्या कानाशी वाकून, लाजत लाजत, आपल्या मालकांचं नाव घेतलं.