प्रार्थनेचा विषय

"...आणि हे प्रभू, आमच्या सिस्टरच्या डोळ्यांवर तुझा हात ठेव. ऑपरेशनच्या खोलीत तिला औषधांवरची अक्षरं दिसेनाशी झालीत. तू तिला सांभाळ, आणि तिच्या हाताखालून जाणाऱ्या रुग्णांनाही सांभाळ."

प्रार्थनेत रविवारच्या शाळेच्या बाईंचा आवाज नेहमीच भरून येई. चर्चमधल्या भगिनींची सभा त्या दिवशी पाळकीणबाईंच्या दिवाणखान्यात भरली होती, आणि सिस्टर भिंतीलगतच्या खुर्चीत, पाठ न टेकता, डोळे मिटून बसल्या होत्या. प्रार्थना चालू असताना डोळे उघडू नयेत, हे बाईंनीच त्या शाळेत मंडळीतल्या दोन पिढ्यांना शिकवलेले. सिस्टरनी ते उघडले. पाहतात तो काय, निम्म्या खोलीचे डोळे आधीच उघडे होते आणि सगळे त्यांच्याकडेच लागले होते. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांच्या पत्नीही त्यांत होत्या.

'आमेन' मात्र सगळ्यांनी एका सुरात म्हटले.

मग चहा आला आणि चहाबरोबर सल्ले. एकीने गाजराचा रस सुचवला. दुसरीने आपल्या दिरांचे उदाहरण दिले. ते शेवटी आंधळेच झाले होते, पण दिलासा देणाऱ्याला उदाहरण कधी निवडता येत नाही. सिस्टरनी सगळ्यांचे आभार मानले, कप जागेवर नेऊन ठेवला आणि कोणाची सोबत न घेता घरी गेल्या. बाई दारापर्यंत आल्या होत्या. सिस्टरनी मागे वळून पाहिले नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांखेरीज ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती. महिन्याभरापूर्वी स्वतःच्या स्वयंपाकघरात, भाजी चिरता चिरता सिस्टरनी ती बाईंना सांगितली होती. ऑपरेशनच्या वेळी एक चुकीची बाटली हातात आली. सुई लावण्याआधी मनात शंका आली, म्हणून ती दिव्याखाली धरून पाहिली आणि मुकाट्याने परत ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, पडदा झिजत चालला आहे, यावर उपाय नाही. त्या दिवसापासून सिस्टर प्रत्येक बाटली हाताखालच्या नव्या परिचारिकेकडून मोठ्याने वाचून घेत. तिला वाटे, आपल्याला शिकवणे चालले आहे.

"ती पोरगी तयार झाली की मी माझ्या पायांनी जाऊन राजीनामा देईन," सिस्टर म्हणाल्या होत्या. "तोवर हे तुझ्या पोटात राहू दे."

"विहिरीत दगड टाकलास असं समज," बाई म्हणाल्या होत्या, आणि पदराने त्यांनी सिस्टरचेच डोळे पुसले होते.

अविश्वास दाखवावा असे काही घडलेच नव्हते. दोघी ऐन तरुणपणी, कोणाची ओळखदेख नसताना, या मंडळीत आल्या आणि एकाच गीतांच्या पुस्तकातून गाऊ लागल्या. बाईंचे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचे अंग सिस्टर पुसत. सिस्टरची आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बाई होत्या. एकमेकींच्या घरातले मरणाचे बिछाने या दोघींनी आवरले होते. सख्ख्या बहिणी एवढे करत नाहीत. केले तर बोलून दाखवतात.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बोलावणे धाडले. ते खुर्चीतून उठून उभे राहिले, तेव्हाच सिस्टरना काय ते कळले. माणूस जायला निघाला की त्याला असा मान मिळतो.

"सिस्टर, तुम्ही खूप केलंत. आता विश्रांती घ्या," ते म्हणाले. "आम्ही घरी सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय."

नव्या परिचारिकेकडून बाटल्या वाचून घेत असल्याचे सिस्टरनी सांगितले नाही. सांगितले असते तर ती सबब झाली असती, आणि सबब त्यांनी कोणा हाताखालच्या मुलीचीही कधी ऐकून घेतली नव्हती. त्यांना चादरी-टॉवेलांच्या कोठीवर बसवण्यात आले. हातातला ट्रे कोणी हिसकावला नाही, फार मायेने काढून घेतला. हिसकावला असता तर बरे झाले असते. निदान रागावता आले असते.

संध्याकाळी बाई आल्या. हातात फळांची पिशवी होती.

"बस," सिस्टर म्हणाल्या. "फळं आणलीस. आजाऱ्याला आणतात तशी."

"चिडलीस तू. मी तुझं वाईट चिंतलं का गं? प्रार्थनाच केली ना?"

"कोणाला ऐकवायला? देव बहिरा नाही, आणि तो काही पाळकीणबाईंच्या दिवाणखान्यातच राहत नाही."

बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मग खाली बघूनच बोलल्या.

"सुनेचे दिवस भरत आलेत. पोट चिरावं लागेल म्हणतात. तुझ्याच टेबलावर. माझ्या डोळ्याला डोळा नाही लागत."

बाईंची भीती खोटी नव्हती, हे सिस्टरइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

"मग हे मला का नाही सांगितलंस?"

"तुझा स्वभाव मला माहीत नाही का? ऐकलं असतंस?"

"लगेच नसतं ऐकलं. भांडले असते. चार दिवस तुझ्याशी बोलले नसते. आणि तुझ्या सुनेच्या वेळी त्या खोलीत पाऊल न टाकता बाहेर बाकावर तुझ्याशेजारी येऊन बसले असते." सिस्टरचा आवाज चढला नाही. "तुझ्याशी भांडता येतं गं मला. प्रार्थनेशी कसं भांडू?"

बाई रडू लागल्या. म्हणाल्या, चल, आत्ता दोघी गुडघे टेकू, प्रभूच आपलं नीट करील. सिस्टर उठल्या आणि त्यांनी दार उघडून धरले.

"नीट जा. पायरी उंच आहे."

सुनेची सुटका सुखरूप झाली. मुलगी झाली. टेबलापाशी नवी परिचारिका उभी होती, आणि लागणाऱ्या चादरी कोठीतून सिस्टरनी स्वतःच्या हाताने काढून दिल्या होत्या. बाळाला पाहायला या म्हणून दोनदा निरोप आला. दोन्ही वेळा त्यांनी कोणाच्या तरी हाती आशीर्वाद पाठवले.

रविवारी उपासनेत पाळकांनी सांगितले, एकमेकांना शांतीचा हात द्या. बाकांवरची माणसे उठली, वळली, हसली. पलीकडच्या रांगेतून वाट काढत बाई आल्या आणि सिस्टरपुढे उभ्या राहिल्या. भोवतीच्या बायकांनी बोलणे थांबवले. मंडळीत वैर लपत नाही आणि समेट पाहायला सगळ्यांनाच आवडते.

"प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो."

"तुझ्याबरोबरही असो," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी हात दिला.

या आजाराची एक तऱ्हा होती. ज्याच्याकडे सरळ पाहावे, त्याचा चेहरा पुसला जाई. नजर जराशी बाजूला वळवली, की तोच चेहरा कडेने लख्ख दिसे. बाईंचा हात हातात होता. काही तरी ऐकायला मिळेल म्हणून त्या थांबल्या होत्या.

सिस्टरनी मान ताठ ठेवली आणि त्यांच्याकडे सरळ पाहिले.