टाकीवरची घार

मी रडारचा अँटेना बोलतोय. शपथेवर सांगतो, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे एक जागा सोडून. पण तिचं नंतर बघू.

माझा जन्म मानखुर्दच्या एका प्रयोगशाळेत झाला. जन्मदाते विद्याधर साहेब, इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर; रडार-संशोधनात एकोणीस वर्षं घातलेली. माझं जीवितकार्य एकच: विमानांच्या वाटेत येणाऱ्या घारी हुडकणं. देवनारच्या कचऱ्यावर घारीच घारी. आमचा तंत्रज्ञ धाकू गच्चीवर चहा पीत बोटांवर मोजायचा. मला मात्र एकही दिसायची नाही. यालाच संशोधन म्हणतात.

शेवटी वरून पत्र आलं. दसरा झाला की समिती येणार. एक तरी घार दाखवा, नाहीतर प्रकल्प बंद आणि साहेबांची बदली फर्निचर विभागात.

खंडेनवमीला धाकूनं मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. उरलेलं चमचमतं बेगडाचं तोरण समोरच्या पाण्याच्या टाकीला बांधलं.

"धाकू, मशीन आहे रे ते, देव्हारा नाही!"

"सायबानू, तुमचा विज्ञान एकोणीस वर्सां बघलंय. आता माझो देव बघा."

समिती आली. खालच्या खोलीत पडदा उजळला आणि त्यावर ठिपका! ठसठशीत, थरथरणारा.

"घार!" अध्यक्षबाई खुर्चीतून उठल्याच. "पण ही एकाच जागी का?"

साहेबांच्या डोळ्यांपुढे टाकी आली, वाऱ्यावर फडफडणारं तोरण आलं. कपाळ पुसत ते म्हणाले, "मॅडम, ते तोरण आहे. खऱ्या घारी आमच्या रडारला दिसत नाहीत."

"इतका प्रामाणिक माणूस!" बाईंनी डोळे टिपले आणि पाच वर्षांची मुदतवाढ दिली.

आज साहेब संचालक आहेत. मी गंजलोय. माझ्या डोक्यावर कावळे बसतात, त्यांचाही मला पत्ता लागत नाही. खंडेनवमीला टाकीवर नवं तोरण मात्र चुकत नाही. साहेब स्वतः शिडी चढतात, धाकू खालून शिडी धरतो.

आता ती एक जागा. साहेब खरं बोलले, ते मी रचलं. प्रत्यक्षात ते म्हणाले होते, "मॅडम, अंडी उबवतेय ती."

बाईंनी आवाज एकदम खाली आणला. "मग पिल्लं उडायला किती दिवस?"

"पाच वर्षं," साहेब म्हणाले.

मंजूर!

वाचकहो, ती पाच वर्षं येत्या दसऱ्याला संपतायत. मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. कुणाकडे एखादं लहानसं तोरण असेल, तर धाडून द्या. पिल्लं दाखवायचीयत.